थोड्या पैशातला परदेश



परदेश हा शब्द कानावर पडला की आपल्या जिल्ह्यात माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. कुणाचा तरी हुशार मुलगा विमानात बसून नोकरीसाठी अमेरिकेला निघाला आहे, हे पहिले. आणि प्रवास कंपनीला लाख-दोन लाख मोजून आठ दिवसांत पाच शहरे पाहून आलेली मंडळी घरी फोटो दाखवीत बसली आहेत, हे दुसरे. दोन्ही चित्रांत पैसा आहे. ज्याच्या घरी कापसाच्या भावावर वर्षाचे गणित ठरते, तो ही चित्रे पाहतो आणि म्हणतो, "जाऊ द्या हो, ते आपल्यासाठी नाही."

आज मला या म्हणण्याबद्दल थोडे बोलायचे आहे. परदेशाची आणखी एक वाट आहे. ती जुनी आहे, आणि ती गर्दीच्या आगगाडीतून जाते. खांद्याला एक पडशी, पोटापुरती शिदोरी, खिशात मोजके पैसे आणि मनात काहीतरी शिकण्याची ओढ, एवढे सामान त्या वाटेला लागते. मराठी माणसाने ही वाट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच चालून दाखविली आहे.

गोव्यात साखवाळ नावाचे गाव आहे. तिथे १८७६ साली धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण थोडेच. घरी नारळीची बाग होती, तिची कामे करावी लागत. पुढे एका मराठी मासिकात भगवान बुद्धांविषयी काही वाचायला मिळाले आणि या तरुणाला ध्यास लागला, की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. शिकवणारे जवळपास कुणी नव्हते. मग १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. प्रथम पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. संस्कृत शिकण्यासाठी काशीत राहिले आणि अन्नछत्रात जेवले. १९०२ साली ते नेपाळला गेले. आगगाडी तेव्हा सरहद्दीपर्यंतच होती, पुढचे डोंगर पायीच ओलांडावे लागत. राणांच्या अमदानीत बाहेरच्या माणसाला काठमांडूत सहजी शिरता येत नसे. शिवरात्रीच्या यात्रेला मात्र वाट मोकळी होई.

आणि एवढे करून काठमांडूत पोहोचल्यावर काय झाले? धर्मानंदांची निराशा झाली. जे शिकायला ते आले होते, ते तिथे मिळण्यासारखे नव्हते. दुसरा कुणी असता तर घरी परतला असता. हे बुद्धगयेला आले, आणि तिथून त्याच वर्षी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला. पुढे ब्रह्मदेशही पाहिला. हे सारे घडले ते लोकांनी वेळोवेळी केलेल्या मदतीवर. आणि हाच मनुष्य १९१० साली पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गेला, बरं का! या भ्रमंतीची हकीकत त्यांनी स्वतः 'निवेदन' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ते आपल्या वाचनालयात जरूर ठेवावे.

धर्मानंदांचा शेवट आपल्या शेजारीच झाला. ४ जून १९४७ रोजी वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. आणि ज्या सिलोनात ते रिकाम्या खिशाने गेले होते, तिथेच १९४३ ते १९४७ या काळात आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून होते. म्हणजे परदेश आपल्याला वाटतो तेवढा परका नाही.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मानंद निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. ते १९०६ साली परत आले. मधली सहा-सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील, याचा विचार करा. थोड्या पैशातला प्रवास म्हणतो आपण, पण त्याची किंमत पुष्कळदा घरातले दुसरे कुणीतरी चुकवीत असते. म्हणून आजच्या प्रवाशाने निघण्यापूर्वी घरच्यांशी बसून बोलावे, दिवस ठरवावे, आणि ठरल्या दिवशी परत यावे. जमेल तर घरच्या माणसालाच सोबत न्यावे. प्रवास काही एकट्या पुरुषाच्या वाट्याचा नाही.

आता सामानाचे बघू. १९०२ साली, म्हणजे धर्मानंद नेपाळात गेले त्याच वर्षी, गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला निघाले होते. हिंदुस्थानातला गरीब माणूस कसा प्रवास करतो ते कळावे म्हणून त्यांनी तिसऱ्या वर्गाने जायचे ठरविले. त्यांनी बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी घेतली. तिच्यात एक लांब कोट, एक धोतर, एक सदरा आणि टॉवेल. बरोबर पांघरायला कांबळे आणि पाण्याचा तांब्या. नामदार गोखल्यांनी पुऱ्या आणि लाडू भरून एक डबा दिला आणि ते त्यांना पोहोचवायला स्टेशनावर आले. गांधीजी पहिल्या वर्गाने गेले असते तर गोखले स्टेशनावर येणार नव्हते! वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असे मुक्काम झाले, आणि भाड्यासकट सगळा खर्च एकतीस रुपयांच्या आत बसला.

ही यादी मी मुद्दाम सांगितली. सव्वाशे वर्षे झाली, भाडी बदलली, १९७४ साली आपल्या रेल्वेतून तिसरा वर्ग हे नावही गेले, पण सामानाची ही यादी आजही तशीच उपयोगी आहे. गर्दीच्या डब्यात ज्याच्या हाती एकच पडशी असते तो उभा राहू शकतो, सरकू शकतो, दुसऱ्याला जागा देऊ शकतो. ज्याच्यापाशी तीन बॅगा आणि एक पोते असते तो प्रवासभर त्या पोत्याचा राखणदार होऊन बसतो. बाहेर काय चालले आहे ते त्याला दिसतच नाही. आपल्या घरची दशमी, तिळाची किंवा जवसाची चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, एवढ्यावर दोन दिवस सहज निभतात. पाण्याची बाटली मात्र मोठी हवी. आणि पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत. निम्मे अंगावर आतल्या खिशात, निम्मे दुसरीकडे.

आता तुम्ही म्हणाल, जायचे कुठे? आपल्यासारख्यांनी पहिला परदेश पाहावा तो नेपाळ. भारताच्या नागरिकाला तिथे जायला व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणुकीचे मतदार ओळखपत्र, तेही अस्सल, जवळ असले म्हणजे झाले. आपले शंभर रुपये तिथले एकशे साठ होतात, आणि हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मोठ्या नोटांविषयीचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा बरोबर ठेवाव्या. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. आणि सगळ्यात गोड गोष्ट अशी, की नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी झालेला माणूस त्या देशातल्या दुकानांवरच्या, बसवरच्या, दवाखान्यांवरच्या पाट्या घडाघडा वाचू शकतो. अर्थ सगळा लागेल असे नाही, पण परक्या मुलखात आपण निरक्षर ठरत नाही. हे केवढे धैर्य देते, ते तिथे गेल्यावरच कळते.

२०२४ साली दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझे दोन शिक्षकमित्र या वाटेने गेलो. छठपूजेच्या आधी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगीला शिरायला वाव नसतो, म्हणून छठ उरकू दिली. डिसेंबर-जानेवारीतही जाऊ नये, कारण तिकडच्या धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. नागपूरहून गोरखपूर, तिथून सुनौली. सुनौलीची कमान पायी ओलांडली की नेपाळ. पुढे भैरहवा, आणि तिथून बसने थोड्याच वेळात लुंबिनी.

लुंबिनीचे नाव आपल्या विदर्भाला नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडले, त्यानंतर महिनाभराने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. आज आपल्याकडच्या कितीतरी गावांतून लोक लुंबिनीच्या दर्शनाला जातात, आणि त्यांतले पुष्कळसे गर्दीच्या डब्यातूनच जातात. तिथे निरनिराळ्या देशांनी बांधलेले विहार आहेत, आणि काही विहारांत साधी राहण्याची सोयही होते. ज्या पुष्करिणीकाठी बुद्धजन्माची कथा सांगतात ती आहे, आणि सम्राट अशोकाचा स्तंभ आहे.

त्या स्तंभावरचा लेख शेतकऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, इथे बुद्धाचा जन्म झाला म्हणून दगडी स्तंभ उभारला, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे बघा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक यात्रेकरू एका खेड्यात आला आणि त्या गावच्या शेतकऱ्याचा सारा हलका करून गेला. आपण राजे नव्हे. पण ज्या गावी जाऊ त्या गावाला आपले येणे जड होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. कचरा टाकू नये, दराची घासाघीस हद्दीत करावी, आणि विहारात फुकट राहायला मिळाले तर निघताना यथाशक्ती काही ठेवून यावे.

लुंबिनीहून आम्ही बसने जनकपूरला गेलो. तिथे मला पाहायची होती ती नेपाळची आगगाडी. बिहारातल्या जयनगरहून जनकपूरला १९३७ साली एक अरुंद मापाची गाडी सुरू झाली होती. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, नेमके आपल्या शकुंतलेइतके! आपली शकुंतला १९०३ पासून यवतमाळ आणि मूर्तिजापूरच्या दरम्यान दारव्हा, कारंजा करीत धावली आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने धावली. जनकपूरची गाडी जंगलातले लाकूड वाहण्यासाठी घातली होती, आपली कापूस वाहण्यासाठी. दोन्ही गाड्यांनी मालाबरोबर माणसेही वाहिली. जनकपूरची छोटी गाडी २०१४ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठ्या मापाचे रूळ पडले. २ एप्रिल २०२२ रोजी जयनगर ते कुर्था ही नवी गाडी सुरू झाली. तिचे डबे कोकण रेल्वेने पुरविलेले आहेत. परदेशातल्या गाडीत चढलो आणि आपल्या कोकण रेल्वेची आठवण निघाली!

डबा खच्चून भरला होता. आमच्या पलीकडे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते मैथिली बोलत होते, आम्ही मोडकेतोडके हिंदी. पूर्वीच्या छोट्या गाडीच्या टपावर माणसे कशी बसत, ते त्यांनी हाताने दाखवून सांगितले. मी त्यांना शकुंतलेची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, "मग तुमच्याकडे मोठी गाडी आली का?" मी म्हणालो, "वर्ध्याहून कळंबपर्यंत आली आहे, २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचे उद्घाटन झाले. यवतमाळची वाट पाहतो आहोत." ते हसले आणि म्हणाले, "आम्हीही आठ वर्षे वाट पाहिली." परक्या देशातल्या माणसाशी एवढ्या जवळिकीचे बोलणे हॉटेलच्या दिवाणखान्यात झाले असते, असे मला वाटत नाही.

आता गर्दीविषयी. गर्दी चांगली असते असे मी म्हणणार नाही. उभ्याने रात्र काढणे, लेकराला शौचास नेता न येणे, श्वास कोंडणे, हे सोसायला कुणाला आवडते? लोकांना बसायला जागा मिळाली पाहिजे, ही मागणी न्याय्यच आहे. ज्याला जमते त्याने साठ दिवस आधी आरक्षण करावे, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तर बिनआरक्षणाने जाऊच नये. पण गर्दीत सापडलोच तर कसे वागावे, हे शिकण्यासारखे आहे. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांबद्दल रेल्वेला दोष दिला, तसा डब्यात थुंकणाऱ्या आणि घाण करणाऱ्या उतारूंनाही दिला. जागा मिळाली की आळीपाळीने बसावे. शिदोरी सोडली की शेजाऱ्याला विचारावे. अनोळखी माणसाने दिलेले खाणे मात्र नम्रपणे नाकारावे, त्यात कुणाचा अपमान नाही. बाईमाणसाला आणि लेकुरवाळीला खिडकीकडची बाजू द्यावी. उतरायचे स्टेशन येण्याआधी दाराकडे सरकायला लागावे. एवढे पाळले तर बरीच भांडणे होणारच नाहीत.

परतीच्या प्रवासात जयनगरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत आम्हाला जे शिकायला मिळाले ते सांगतो आणि आटोपते घेतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बाकांच्या मध्ये एक नेपाळी मनुष्य आपल्या पिशवीवर बसला होता. वय पन्नाशीचे असेल. बोलता बोलता कळले, की तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रात्रीची राखण करतो. आपण त्याला गुरखा म्हणतो. रात्री शिट्टी वाजवीत आणि काठी आपटीत जातो, आणि महिन्याच्या सुरुवातीला दारात वीस-तीस रुपये मागायला उभा राहतो, तो. दिवाळीला घरी गेला होता, आता कामावर परत निघाला होता. सोळाव्या वर्षी प्रथम आला, तेव्हापासून दर दोन वर्षांनी अशाच डब्यातून जातो आणि येतो. त्याला विचारले, "प्रथम आलात तेव्हा भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "वाटली. पण पाट्या वाचता येत होत्या."

श्रोतेहो, हे ऐकले आणि आम्ही तिघेही गप्प झालो. आपण ज्याला परदेश म्हणतो तो त्याचा गाव, आणि आपण ज्याला गाव म्हणतो तो त्याचा परदेश. थोड्या पैशात, गर्दीच्या गाडीने, एका पिशवीनिशी परदेशी जाण्याची जी विद्या मी तुम्हाला इतका वेळ सांगतो आहे, ती हा मनुष्य तीस-पस्तीस वर्षे आचरतो आहे. १९५० च्या करारान्वये भारत आणि नेपाळ यांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची व कामधंदा करण्याची मुभा आहे. त्या कराराचा अर्थ जनकपूरला आम्हाला घोटभर पाणी देणाऱ्यांनी पाळला. इकडे आपल्या गल्लीत या माणसाला कुणी नाव विचारले आहे का? मी त्याला विचारले, तर तो म्हणाला, "सगळे बहादूर म्हणतात. माझे नाव बहादूर नाही." मग त्याने आपले नाव सांगितले. ते त्याच्या परवानगीवाचून मी इथे सांगत नाही. तुमच्या गल्लीतल्या माणसाला तुम्ही विचारा.

परदेश पाहून येण्याचा काही उपयोग असेल तर तो हाच, की परका म्हणून कुणी दारात उभा राहिला तर त्याच्या पायाखाली किती वाट गेली आहे हे आपल्याला कळावे. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत दोघा-तिघांनी मिळून असा एक प्रवास करा. रोजचा खर्च आणि रोज भेटलेली माणसे एका वहीत टिपून ठेवा. परत आल्यावर ती वही वर्गात वाचून दाखवा, नकाशावर वाट आखून दाखवा. आणि गावातला गुरखा तयार असेल तर एक दिवस त्यालाच वर्गात बोलवा. भूगोलाच्या पुस्तकात जो देश दोन ओळींत उरकतो, तो त्याच्या तोंडून मुलांना तासभर ऐकता येईल. त्यासाठी तर तिकीटही काढावे लागत नाही.